चेंडूआधीचा आवाज

थंडी सरत आली की आमच्या गावात फुटबॉलचा सीझन सुरू होतो. तालमींच्या दारात जर्सी वाळत पडतात, गल्लीच्या तोंडावर पताका चढतात, आणि एरवी एकमेकांच्या घरी पंगतीला बसणारी माणसं दोन-अडीच महिने रस्त्यानं मान वळवून चालतात. माझं ऑफिस मैदानापासून हाकेच्या अंतरावर. दुपारी चारच्या सुमाराला हलगी कडाडायला लागते आणि मी उठून खिडकी लावतो. ऑफिसातल्या नव्या पोरींना वाटतं, सरांना हलगीचा त्रास होतो. त्रास होतो हे खरं. पण हलगी वाजते तेव्हा नाही. ती थांबते तेव्हा होतो.

आमच्याकडची ही एक रीत आहे. मॅचभर हलगी, घुमकं, कैताळ यांचा दणदणाट चालू असतो, गोल झाला काय आणि न झाला काय. पण पेनल्टी मिळाली, चेंडू जागेवर ठेवला, मारणारा चार पावलं मागं सरला, की दोन्ही पेठांच्या हलग्या गप्प. हे कुणी ठरवलं म्हणाल तर कुणाला सांगता येणार नाही. आमच्या तालमीचे वस्ताद म्हणायचे, "दोघांच्यात तिसऱ्यानं बोलायचं न्हाय." हजारो माणसांचं मैदान एकदम देवळाच्या गाभाऱ्यासारखं होतं. त्या शांततेत बुटाचा चेंडूवर आवाज येतो आणि मग गलका उठतो.

यंदाही परवा तशी हलगी थांबली. खिडकी बंद होती, पंखा चालू होता, तरी ती शांतता आत आलीच. माझा हात फाइलीवर तसाच राहिला. मी काही बोलणारा माणूस नाही. घरातही माझ्या तोंडून दिवसाला मोजके शब्द निघतात, आणि बायकोनं त्याचं कारण माझा स्वभाव आहे असं धरून चालवलंय. पण आता सांगून टाकतो. गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर गप्प राहण्यात काही अर्थ उरला नाही.

मिलिंद आमच्या समोरच्या गल्लीतला. समोरच्या म्हणजे रस्त्यापलीकडच्या, आणि तो रस्ता म्हणजे दोन पेठांची हद्द. त्यामुळं वर्गात आम्ही एका बाकावर आणि मैदानात समोरासमोर. त्याचे वडील पोस्टात होते. दोन खोल्यांचं घर, दाराशी तगरीचं झाड, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखालच्या फळीवर मिलिंदनं मिळवलेले कप. त्याची आई रोज ते कप पुसायची आणि पुसताना पुटपुटायची, "चहाच्या कामाचा एकबी न्हाय." आमचं घर जैनांचं, गुळाचा व्यापार. बाबांना फुटबॉल म्हणजे बूट फाडायचा धंदा वाटायचा. मी आमच्या पेठेच्या टीमचा फॉरवर्ड होतो, मिलिंद त्यांच्या पेठेचा गोलकीपर. नव्वद साल उलटून गेलं होतं, आम्ही बावीस-तेवीस वर्षांचे होतो.

सकाळी आम्ही दोघंच रंकाळा तलावाकडच्या एका पडीक रानात सराव करायचो. पेठेत कळलं असतं तर दोघांनाही बोलणी बसली असती. तिकडून गुऱ्हाळांचा धूर यायचा, उकळत्या रसाचा वास थंडीत अंगावरच्या स्वेटरमध्ये जाऊन बसायचा. अजूनही कुठं काकवीचा वास आला तर माझ्या पायाचा अंगठा बुटात आखडतो. एका सकाळी धुकं इतकं होतं की गोलाच्या जागी रोवलेल्या दोन काठ्या दिसेनात. मिलिंद तर नाहीच.

"मिल्या, दिसतंय काय तुला?"

"न्हाय."

"मग थांबूया की जरा."

"कशाला? मार तू."

मी मारला. धुक्यात चेंडू गेला आणि पलीकडून हातात बसल्याचा आवाज आला. चेंडू परत आला. पुन्हा मारला. पुन्हा तेच. पाच-सहा मारले. मी धावत त्याच्यापर्यंत गेलो. तो चेंडू काखेत धरून उभा, भुवयांवर दव.

"दिसत न्हाय म्हणतोस, मग?"

"तुझा बूट सांगतोय की."

मी काही विचित्रच विचारलं असावं अशा नजरेनं त्यानं माझ्याकडं बघितलं. मग मला शाळेतल्या पोराला शिकवावं तसं सांगितलं. "लेस बांधतोस तिथनं मारलास की भरल्या पोत्यावर बुक्की मारल्यागत वाजतंय. त्यो सरळ येतोय, लई जोरात. आतल्या अंगानं मारलास की थापटल्यागत वाजतंय. त्यो वळतोय. आन बोटाला लागला की नुसतं टक. त्यो कुठं जाणार हाय हे तुझं तुलाबी ठावं नसतंय, तर मला कुठनं कळंल?"

"आणि डोळं कशाला दिल्यात मग?"

तेव्हा त्यानं ते सांगितलं. सातवीत असताना विटी लागून त्याचा उजवा डोळा गेला होता. बघणाऱ्याला डोळा धड दिसायचा, पण त्यातून त्याला उजेड आणि सावली एवढंच समजायचं. चेंडू जवळ आहे की लांब, हे एका डोळ्याला कळत नाही. मला एकदम आठवलं, तो चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवूनच ओतायचा. मला ती नुसती सवय वाटायची. "डोळा उशिरा सांगतोय," तो म्हणाला. "कान आधी सांगतोय. मी कानाचं ऐकून हलतो, डोळा मागनं येऊन खात्री करतोय. कुणाला बोलू नकोस. एका डोळ्याचा कीपर म्हणून कोण उभा करंल मला?"

मी कुणाला बोललो नाही. हे अक्षरशः खरं आहे, आणि म्हणूनच ते इतकं वाईट आहे.

त्या दिवसापासून मी लोकांचे कान बघायला लागलो. आमच्या दुकानात ट्रकवरून गुळाच्या ढेपा उतरायच्या. वरचा हमाल ढेप सोडताना घशातून एक हुंकार द्यायचा, आणि खालचा वर न बघता त्या हुंकारावर खांदा आणि हात पुढं करायचा. एकदा वरच्याला सर्दी झाली होती, हुंकार फुटला नाही, तर ढेप खालच्याच्या पायावर. आई स्वयंपाकघरात पाठमोरी बसलेली असायची. मागं तांब्या कलंडला की तिचा पाय नेमका त्याच्या वाटेत जायचा. रस्त्यावर मागून येणारी सायकल किती जोरात आहे, उजवीकडून जाणार की डावीकडून, हे मान न वळवता आपल्याला कळतं आणि आपण बाजूला होतो. झेलणं, अडवणं, चुकवणं हे सगळं आपण डोळ्याच्या नावावर मांडतो. कान बिचारे कधी हक्क सांगत नाहीत.

मिलिंदला मी आयुष्यात एकही पेनल्टी घालू शकलो नव्हतो. सरावात नाही आणि मॅचमध्येही नाही. तालमीत पोरं म्हणायची, "ह्या गुळवाल्याच्या पायात जोर न्हाय, गूळ हाय." मीही हसायचो. हसत हसत घरी यायचो आणि जेवायचो नाही. त्या सीझनला दोन्ही पेठांच्या टीम फायनलला आल्या. एका सरकारी खात्याची टीम उभी राहत होती, त्यांची माणसं फायनल बघायला येणार अशी कुणकुण होती. निवड झाली तर कायमची नोकरी. मिलिंद सहा महिन्यांपूर्वी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत लागला होता. साचे फोडायच्या खात्यात. तिथला दणदणाट इतका की शेजारच्याशी खुणेनं बोलावं लागायचं. तो कानात कापूस कोंबून जायचा. म्हणायचा, "ही नोकरी सुटली पायजे मर्दा. माझं कान खाणार ती."

तालीम मूळची कुस्तीची. फुटबॉलवाले आम्ही वरच्या खोलीत, खाली लाल मातीचा हौद. पैलवान हौदात उतरला की मांडीवर शड्डू ठोकतो, तळहात खोलगट करून. सपाट हातानं नुसतं चट्ट वाजतं. पोकळ हात पडला की धप्प. एका संध्याकाळी जिन्यात बसून बूट बांधत होतो आणि खालून तो आवाज आला, आणि मी वर बघितलं. मला वाटलं कुणी चेंडू मारला.

बस, एवढंच. पुढचा आठवडा मी आमच्या गोदामामागच्या भिंतीशी एकटा होतो. एकदा चेंडू मारायचा, एकदा मांडीवर हात. चेंडू, हात. आतल्या अंगानं मारलेल्या चेंडूचा थापटल्यासारखा आवाज मांडीवर उतरेपर्यंत मी थांबलो नाही. मांडी काळीनिळी झाली. तोल न जाता धावता धावता, शेवटच्या पावलाआधी, हात सहज हलल्यासारखा खाली यायला हवा होता. तेही जमलं. मी इतक्या चिकाटीनं आयुष्यात दुसरं काहीही शिकलो नाही.

फायनल एक-एक अशी बरोबरीत सुटली. पेनल्टींवर गेली. त्यांनी चार घातल्या, एक बाहेर मारली. आमच्या चार झाल्या. शेवटची माझी. ही गेली की सीझन आमचा. मी चेंडू ठेवला. हलग्या थांबल्या. उन्हानं मैदान लोखंडासारखं तापलं होतं, आणि इतकी शांतता की गोलाच्या जाळीला वारा लागून ती दांड्यावर घासत होती ते मला ऐकू येत होतं. मिलिंद किंचित डोकं कलतं करून उभा. डावा डोळा आणि दोन्ही कान माझ्याकडं.

मी धावलो. शेवटच्या पावलाआधी हात खाली आला. धप्प.

मिलिंद माझ्या डावीकडं, आतल्या अंगाचा चेंडू वळतो तिकडं, झेपावला. सगळं शरीर, सगळा जीव लावून. चेंडू अजून जागेवरच होता. मग मी तो हळूच, अगदी हळू, उजवीकडं ढकलला. एखाद्या लहान पोराला द्यावा तसा. तो घरंगळत गेला. गोल.

मला पोरांनी खांद्यावर घेतलं. गुलाल डोळ्यांत गेला. त्या गुलालातून मला गोलाकडचं दिसलं. मिलिंद उठून गुडघ्यावर बसला होता. त्यानं चेंडूकडं बघितलं नाही, पंचाकडं नाही, माझ्याकडंही नाही. त्यानं उजव्या कानात बोट घातलं आणि जोरात हलवलं, पाणी गेल्यावर हलवतात तसं. मग डाव्या कानात.

मला वाटलं होतं तो चुकेल, चिडेल, मला शिव्या देईल. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं माझ्यावर नव्हे, स्वतःच्या कानांवर संशय घेतला होता.

त्या गर्दीत एकाच माणसानं ते ऐकलं होतं. संध्याकाळी तालमीत सत्कार चालला असताना वस्ताद माझ्याजवळ आले. गळ्यात हार घालायच्या निमित्तानं वाकले आणि कानाशी म्हणाले, "शड्डू समोरच्याला सांगून ठोकायचा असतोय, पोरा. त्यो कळू नये म्हणून ठोकणारा तूच पयला." त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. वारले तेव्हाही मी मागच्या रांगेत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंद रंकाळ्यावर आला. हरलेला माणूस येत नाही, तो आला. कट्ट्यावर बसला.

"सुकुमार," तो म्हणाला. एरवी सुक्या म्हणायचा. "तुला एक इचारू? खरं सांग. तू मारायच्या आधी मला आवाज आला. चेंडूचा. तू मारलाच न्हवतास, आन मला ऐकू आला. हे असं कसं झालं?"

आता सांगायचं. एवढं एकच वाक्य. माझ्या तोंडापर्यंत आलंही होतं. पण गळ्यात आदल्या दिवशीचा गुलाल होता, घरात पहिल्यांदाच बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता, आणि मी म्हणालो, "कंपनीतल्या आवाजानं असंल. कानात आवाज ऱ्हातोय म्हणं तसा."

त्यानं पाण्याकडं तोंड फिरवलं. मग म्हणाला, "मलाबी तसंच वाटलं."

आज लिहितानाही मला विश्वास बसत नाही की ते मी बोललो. शड्डू मी आठवडाभर ठरवून केला. हे वाक्य मी ठरवलं नव्हतं. ते तयारच होतं आत.

त्या सरकारी खात्याची माणसं मिलिंदसाठीच आली होती. हे मला पुढं नोकरीत रुजू झाल्यावर त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं, पान खात, सहज. "आम्हाला कीपर हवा होता हो. फॉरवर्ड ढीगभर मिळतात. त्याला घरी जाऊन विचारलं, तर म्हणतो, माझे कान राहिले नाहीत, मी उभा राहणार नाही. मग म्हटलं, हा गोल मारणारा तरी घ्या." त्यांना तोच हवा होता. मी ती पेनल्टी साधी मारून घालवली असती तरीसुद्धा. मग मी स्वतःची समजूत घातली, की डोळ्याच्या तपासणीत तो नापास झालाच असता. ही समजूत मला बरीच वर्षं पुरली. माणूस किती थोडक्यात भागवतो.

मिलिंदनं पुन्हा हातात ग्लोव्ह्ज घातले नाहीत. नोकरी लागल्यावर मी पेठेतून लांब राहायला गेलो आणि त्याला टाळायला शिकलो. सतरा वर्षांत गावात चार-पाचदा दिसला असेल. लांबून हात करायचो, घाईत असल्यासारखं पुढं जायचो.

गेल्या महिन्यात तो माझ्या ऑफिसात आला. दाखला हवा होता, मुलीच्या शाळेसाठी. केस पांढरे झालेले, शर्ट कडक इस्त्रीचा. सोबत मुलगी, चौदाएक वर्षांची, सुजाता नाव. ती त्याचा हात धरून आत आली. मला वाटलं, बापाची लाडकी असेल.

"साहेब झालास की," तो म्हणाला आणि हसला. मनापासून.

मी शिपायाला चहा सांगितला. फॉर्म बघायला लागलो. तो फाउंड्रीतल्या गोष्टी सांगत होता. पंख्याच्या वाऱ्यानं एक फाइल फडफडली, आणि तिच्यावरचा गोल काचेचा पेपरवेट टेबलावर घरंगळला. त्याच्या उजव्या बाजूला, न दिसणाऱ्या बाजूला. कडेवरून सुटला. मिलिंद माझ्याकडं बघून बोलत होता, त्याचं बोलणं तुटलंसुद्धा नाही. त्याचा उजवा हात खाली गेला आणि गुडघ्याच्या उंचीवर तो पेपरवेट त्यानं अलगद घेतला. टेबलावर ठेवला. बोलत राहिला.

माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

"मिल्या, तुला ते ऐकू आलं?"

"काय?"

"पेपरवेट."

त्यानं टेबलाकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं. "हात गेला आपसूक," तो म्हणाला. "माझ्या कानाचं काय खरं न्हाय. सतरा वर्सं झाली, भरवसाच न्हाय ठेवत."

"डॉक्टरला दाखवलं नाहीस?"

"दाखवलं की. मशीन लावून बघितलं. कान चांगलं हाईत म्हणाला. मी म्हटलं, कमी ऐकू येतंय असं कोण म्हणतंय? नसलेलं ऐकू येतंय. त्याला मशीन काय करणार?"

आणि मग तो सांगत गेला, तक्रार म्हणून नाही, हवापाण्याबद्दल सांगावं तसं. कानाच्या भीतीनं त्यानं दणदणाटाचं खातं सोडलं आणि वाळूचे साचे करायच्या खात्यात कमी पगारावर गेला. क्रेन चालवायला मिळत होती, ती घेतली नाही. सायकल सोडली. रस्ता एकट्यानं ओलांडत नाही, आधी बायको धरायची, आता पोरगी. "एक डोळा अर्धा, आन कान खोटं बोलणारं," तो म्हणाला. "ट्रक नसताना ट्रक आला तर परवडंल. पण ट्रक असताना कानानं चेंडू ऐकवला तर?" तो हसला. सुजाताही हसली. त्यांच्या घरातला हा जुना विनोद असावा.

"मला तर कधी उडवून झेललंसुद्धा नाही ह्यांनी," सुजाता म्हणाली. "समोरचे काका त्यांच्या पोरीला इतकं उंच फेकायचे. मी रडायचे. आई म्हणायची, बाबांना झेलता येत नाही."

मी कोल्हापुरातल्या सगळ्यांत चांगल्या गोलकीपरकडं बघत होतो.

दाखल्यावर शिक्का मारला. शिक्का वाकडा बसला. म्हटलं, "चल, खाली चहाच्या गाड्यावर जाऊ. इथला चहा पाणचट असतोय." रस्त्याकडेच्या बाकावर आम्ही बसलो. सुजाता थोडी पलीकडं उभी राहून शिक्का बघत होती. समोरून बस, ट्रक, वडाप जीपा, शाळेच्या रिक्षा. मी सांगितलं. गोदामामागची भिंत, काळीनिळी मांडी, शेवटच्या पावलाआधीचा हात. काही वगळलं नाही. बोलताना त्याच्याकडं बघता आलं नाही, मी ग्लासातल्या चहाच्या सायीकडं बघून बोललो.

गाड्यावरच्या स्टोव्हचा आवाज मोठा वाटायला लागला.

"कुठल्या मांडीवर?" त्यानं विचारलं.

"उजव्या."

"ठोक."

"मिल्या, इथं..."

"ठोक म्हणतोय न्हवं."

मी उठलो. चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला, खिशाला पेन लावलेला मी, ऑफिससमोरच्या रस्त्यावर उभा राहून मांडीवर शड्डू ठोकला. नीट वाजला नाही. पँटचं कापड आड येत होतं. "अजून," तो डोळे मिटून म्हणाला. पुन्हा ठोकला. चहावाला थांबून बघायला लागला. "काय साहेब, कुस्ती हाय काय?" कुणीतरी हसलं. "अजून." चौथ्या की पाचव्या वेळेला हात नेमका खोलगट पडला.

धप्प.

मिलिंदचा चेहरा बदलला. कसा, ते मला सांगता येत नाही. सतरा वर्षं दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला कुणीतरी आत घ्यावं तसं काहीतरी त्यावरून गेलं.

"व्हय," तो म्हणाला. "ह्योच."

मला वाटलं आता तो मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं ग्लास बाकावर ठेवला.

"शड्डूचं काय न्हाय रे," तो अगदी हळू म्हणाला. "फायनल हुती. मी तुझ्या जागी असतो तर मीबी कायतरी केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी मी तुला इचारलं हुतं, सुकुमार. मी तुझ्याकडंच आलतो. दुसऱ्या कुणाकडं गेलो न्हवतो."

माफ कर म्हणायलासुद्धा तोंड उघडलं नाही. इतकी वर्षं न बोलून मी ते वाक्यही गमावून बसलो होतो.

तो उठला. सुजातानं दाखला पिशवीत घातला आणि सवयीनं हात पुढं केला. त्यानं तो घेतला नाही. "तू थांब हितं," तो तिला म्हणाला. तिला काही समजेना. तिनं माझ्याकडं बघितलं.

मिलिंद रस्त्याच्या कडेला गेला. न दिसणारा डोळा ज्या बाजूला, त्याच बाजूनं गाड्यांचा लोंढा येत होता. त्यानं डोकं किंचित कलतं केलं. एक ट्रक जाऊ दिला. मागची मोटारसायकल जाऊ दिली. मग तो उतरला. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. रस्त्याच्या मधोमध तो थांबला. उजवीकडून बस आली, त्याच्या पाठीला वारा देऊन गेली. तो हलला नाही. त्यानं तिच्याकडं बघितलंही नाही. बस गेल्याच्या पुढच्या क्षणाला तो चार पावलांत पलीकडं होता.

सुजाता तोंडावर हात धरून उभी होती. "बाबा असं कधी..." ती म्हणाली.

पलीकडून त्यानं तिच्याकडं तोंड केलं. लोंढा चालूच होता. गाड्यांच्या फटींतून त्याचा पांढरा शर्ट दिसायचा, झाकला जायचा. त्यानं हात वर केला आणि मोठ्यानं, मैदानात बॅकला ओरडून सांगायचा तसा, म्हणाला, "सुजा, मी सांगीन तवा निघायचं. बघू नकोस कुठं. माझ्या आवाजावर ये."

एक जीप गेली. एक रिक्षा गेली.

"ये आता."

ती गेली. सरळ, मान न वळवता, पिशवी छातीशी धरून. पोचली. त्यानं तिला दोन्ही हातांनी घट्ट धरलं, क्षणभर जमिनीवरून उचलल्यासारखं मला वाटलं. मग एक ट्रक मध्ये आला आणि तो गेल्यावर ती दोघं स्टँडच्या दिशेनं चालू लागली होती.

माझी गाडी पलीकडंच लावली होती. ऑफिस सुटलं, चहावाल्यानं ग्लास विसळले, स्टोव्ह बंद केला. रस्ता मधूनमधून मोकळा होत होता. मी किती तरी वेळ अलीकडंच उभा होतो.